पणजोबांचं ट्रेनिंग आणि तो अर्ज

पणजोबा 'ट्रेन्ड मास्तर' होते एवढंच घरात माहीत. कुठे शिकले विचारलं की आत्या म्हणते पुणे, काका म्हणतो छे, धुळे. म्हटलं शोधूया.

गावच्या शाळेचं काम सोपं झालं, हेडमास्तर भला माणूस, जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल मुलांच्या नोंदींचं, समोर ठेवलं. खरी अडचण तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला. 2023 पासून तिथे सगळी गर्दी कुणबी नोंदीची, त्यामुळे मला पण पहिला प्रश्न तोच, "नोंद पाहिजे का?" म्हटलं नाही, पणजोबांचं शिक्षण बघायचंय. "मग कशाला पाहिजे?" आता याला काय सांगणार! फॉर्मवर प्रवेशाचं वर्ष आणि रजिस्टर नंबर असे रकाने. अहो तेच तर शोधायला आलोय. तर म्हणे वर्ष लिहिल्याशिवाय अर्ज आवकला घेत नाही. चहाला गेले, साहेब मीटिंगला, उद्या या. अजून आठवलं की डोकं फिरतं. शेवटी बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी हळूच सांगितलं, "1905 ते 1915 असं लिहा ना." लिहिलं आणि शिक्का बसला!! तुम्ही पण एक वर्ष लिहू नका, दहा वर्षांचा पट्टा टाका.

हो, आणि आडनावावर शोधू नका, आमच्या रजिस्टरात आडनावच नव्हतं, नाव, बापाचं नाव आणि गाव बस. अर्धी पानं मोडीत होती, वाचणारा आधीच गाठून ठेवा, पुराभिलेखवाल्यांच्या (जुने सरकारी कागद सांभाळणारं खातं) मोडी वर्गाला गेलेलं कोणीतरी ओळखीत निघतंच.

रजिस्टरातल्या शेऱ्यात सापडलं, व्हर्नाक्युलर फायनल पास, 1911. म्हणजे सातवी, त्यावर मास्तरकी मिळायची, ट्रेनिंग मागाहून व्हायचं. हे ट्रेनिंग प्रकरण तसं बरंच जुनं, मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1845 ला नॉर्मल क्लास, म्हणजे शिक्षक तयार करायचा वर्ग, निघाला तो बाळशास्त्री जांभेकरांच्या हाताखाली, मग 1854 च्या वुडच्या शिक्षणावरच्या खलित्यात शिक्षक तयार करायच्या शाळांवर जोर दिला. सावित्रीबाई तर या खलित्याच्याही आधी नगरच्या मिशनरी बाईंकडे शिकवायचं शिकल्या.

पुढचा धागा सर्व्हिस बुकात. पण जिल्हा परिषदा आल्या 1962 ला, त्याआधीच्या मास्तरांचे कागद जुन्या स्कूल बोर्डाच्या गठ्ठ्यात विचारायचे. आमचं मिळालं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण 'ट्रेनिंग कॉलेज पुणे, सेकंड इयर' स्वच्छ वाचता येतं. काकाला फोटो पाठवलाय, अजून रिप्लाय नाही.