गाण्याखालचा आवाज

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत मी जुन्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून देतो. तीन पिना खोचल्या की काम झाले, असे गिऱ्हाइकांना वाटते. प्रत्यक्षात निम्मा दिवस टेपवरची बुरशी पुसण्यात जातो, आणि चित्र संगणकात घेणारे कॅप्चर कार्ड एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवरून आपल्याकडच्या पाल पद्धतीवर आणायचे राहिले, तर चित्र रंग सोडून वरखाली पळू लागते.

गेल्या महिन्यात औसा तालुक्यातील एक बाई आपल्या १९९५ मधल्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. "भाऊ, अण्णा ह्यात बोलताना दिसतात, पण ऐकू गाणंच येतं," असे त्या म्हणाल्या. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. व्हिडिओवाल्याने तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मूळ आवाजावर सिनेमाची गाणी चढवली होती. अक्षता पडताना सनई ऐकवण्याऐवजी सिनेमा ऐकवण्याची ही हौस मला तेव्हाही कळली नव्हती. आवाज पुसला गेला आहे, असे मी त्यांना ठामपणे सांगितले.

त्या दिवशी नेहमीचा डेक, म्हणजे कॅसेट चालवायचे यंत्र, टेप चावू लागला, म्हणून कपाटातला हायफाय डेक काढला. त्याच्या आवाजाचे बटण 'मिक्स'वर होते आणि गाण्याच्या मागे कोणीतरी बोलत असल्याचा भास झाला. बटण 'हायफाय'वर सरकवताच गाणे तुटले आणि मांडवातला कलकलाट दुकानात भरला.

साधा आवाज टेपच्या कडेच्या अरुंद पट्टीत असतो आणि ऑडिओ डब केल्याने, म्हणजे वरून गाणी चढवल्याने, तेवढी पट्टीच बदलते. हायफाय कॅमेरा मात्र तोच आवाज, मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवरच्या वेगळ्या हेडने, म्हणजे टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाने, चित्राच्याही खालच्या थरात लिहून ठेवतो. तो पुसायचा तर चित्रही पुसावे लागते. कॅसेट नक्कल नसून कॅमेऱ्यातून निघालेली मूळ प्रत होती, म्हणूनच तो थर शाबूत राहिला होता. ट्रॅकिंग, म्हणजे टेपवरच्या रेघांशी हेडचा मेळ, जरा हलले की डेक आपोआप कडेच्या पट्टीवर, म्हणजे पुन्हा गाण्यावर जाई, त्यामुळे चाळीसेक सेकंदांसाठी मी तासभर बटणाशी झटलो.

"टँकर दोनच आलेत. आधी वऱ्हाडाला पाणी द्या, आपली मानसं मागून पितील," एवढेच अण्णा बोलत होते. बाईंनी ते उभ्यानेच चार वेळा ऐकले आणि पैसे किती झाले हे न विचारताच त्या खुर्चीवर बसल्या.

त्या गेल्यावर मी माझी गिऱ्हाइकांची वही काढली. साध्या डेकला आवाजाची एकच पिन आहे आणि हायफायचे हेडच नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही लग्नाच्या सगळ्या कॅसेटी मी त्याच्यावरच उतरवत आलो, कारण हायफाय डेकचे हेड झिजू नये, अशी माझी काटकसर होती. आता रोज दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतो. काल निलंग्याच्या एका गृहस्थांना कॅसेट परत आणायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पेनड्राइव्ह तुम्हीच दिला ना भाऊ, मग ती भंगारात घातली."