सव्वा तासाचं विमान आणि आंगणेवाडीची रात्र

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कुठल्या कॅलेंडरात छापलेली नसते. भराडी देवीचा कौल घेतात, मग तारीख ठरते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की अर्ध्या तासात कोकण रेल्वेच्या सगळ्या गाड्या वेटिंगवर जातात. मी त्या अर्ध्या तासात दुकानात होतो. घरी येऊन बघतो तर वेटिंग 140. मसुऱ्याच्या आतेभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "रेल्वेचो नाद सोड. इमानान ये, दुपारच्या जेवणाक घराक आसतलंस."

त्याच्या या एका वाक्यावर मी तिकीट काढलं. मुंबई ते मोपा, सुटायची वेळ 11:20, पोचायची 12:35. प्रत्यक्षात घरी पोचलो रात्री पावणेआठला. म्हणून हे लिहितोय. पुढच्या वर्षी कोणीतरी असाच फसणार आहे.

तिकिटाचं आधी सांगतो. "गोवा" एवढंच बघून तिकीट काढू नका. गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळी तिकडे वास्कोला, झुआरीच्या पलीकडे. मोपा पेडण्यात, महाराष्ट्राच्या वेशीवर, आणि तिथून विमानं 5 जानेवारी 2023 पासून सुटतात. सिंधुदुर्गात जायचं तर मोपाच. दाबोळीचं तिकीट दीड हजारानं स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, ते दीड हजार रस्त्यावर जातात आणि वर दोन तास जातात. चिपीचा विमानतळ मालवणला सगळ्यात जवळ, 9 ऑक्टोबर 2021 ला सुरूही झाला. पण मुंबईचं विमान तिथे कधी असतं, कधी नसतं. असलं तर मिळेल त्या भावात घ्या.

मी साडेआठलाच विमानतळावर होतो. पाठीला सॅक, हातात पिशवी. पिशवीत ओटीचं सामान: खण, तांदूळ, हळदकुंकू आणि सोललेला नारळ. सुरक्षा तपासणीला नारळ बाहेर निघाला. केबिनमध्ये नारळ चालत नाही. सुकं खोबरं तर सामानात टाकलेलंही चालत नाही, त्यात तेल असतं, ते पेट घेतं. तपासणीच्या बाई नारळ हातात घेऊन म्हणाल्या, "काका, कोकणात चाललात आणि नारळ इथून नेताय?" मागच्या रांगेतले हसले. मीही हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं.

बोर्डिंग पासवर जे गेट होतं तिथे सव्वादहाला जाऊन बसलो. काचेपलीकडे एक विमान उभं होतं, एरोब्रिज, म्हणजे गेटपासून विमानाच्या दारापर्यंतचा बंद पूल, लावलेला. मला वाटलं हेच आपलं. नव्हतं. ते दुसऱ्याच गावाचं होतं, नऊ पन्नासला सुटायचं होतं आणि सुटलं नव्हतं. त्याचे काही प्रवासी म्हणे कुठल्याशा मागच्या विमानातून यायचे होते आणि ते विमान अजून आकाशात घिरट्या घालत होतं. ही गोम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण यातूनच झालं. गेट म्हणजे प्रवाशाला दार वाटतं, पण खरी जागा दाराबाहेरची, विमान उभं राहायची. त्याला बे म्हणतात. बे मोकळा झाल्याशिवाय दुसरं विमान तिथे येऊ शकत नाही. एक विमान तासभर अडकलं की त्याच्यामागे येणारं टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टी ते बे या रस्त्यावर, उभं राहतं, आणि त्या विमानात बसून ज्यांना पुढे जायचंय ते, म्हणजे आम्ही, गेटवर. दादरला फलाट मोकळा नसला की गाडी आउटरला उभी राहते, तसंच. फरक एवढाच की आउटरला लोक उड्या मारून उतरतात, इथे ती सोय नाही.

त्यात मुंबईचं गणित मुळातच घट्ट. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. त्या एका पट्टीवर 11 नोव्हेंबर 2023 ला चोवीस तासांत 1,032 विमानं चढली-उतरली. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं गर्दीच्या वेळची तासाला 46 ची संख्या 44 वर आणायला लावली, ती आकाशातल्या घिरट्या कमी करायला. म्हणजे गेटचा तुटवडा ही कुणा एकाची चूक नाही, हे मला मान्य आहे. माझा राग विमान कंपनीवर आहे, आणि तो खोटं बोलण्याबद्दल आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार टाकली आहे, तिचा निकाल लागू दे.

खोटं काय, तर हे. पावणेअकराला मेसेज आला: विमान 12:10 ला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, विमान आलंय, साफसफाई चालू आहे." साडेअकराला गेट बदललं. उठून, सामान उचलून, दुसऱ्या टोकाला सात-आठ मिनिटं चालत गेलो. तिथे बसतो न बसतो तो परत गेट बदललं, या वेळी खालच्या मजल्यावरचं. एक खूणगाठ बांधून ठेवा: गेट बदलून तळमजल्याचं झालं की बस आली समजायचं. बस म्हणजे लांबचा बे, म्हणजे शिडी, म्हणजे किमान अर्धा तास जास्त. तेवढ्यात बाथरूमला जाऊन या आणि पाण्याची बाटली भरून घ्या. वरच्या मजल्यावर खायला दहा दुकानं होती, खाली एक, आणि त्यातले सामोसेही संपलेले.

माझ्या शेजारी कणकवलीचा एक कॉलेजातला मुलगा होता. त्यानं मोबाईलवर विमानांचा माग काढायचं अ‍ॅप उघडलं, आमच्या विमानाचा नंबर टाकला आणि मला दाखवलं. विमान 12:02 ला उतरलं होतं आणि आता 12:50 ला टॅक्सीवेवर एका पिवळ्या ठिपक्याच्या रूपात स्तब्ध होतं. म्हणजे काउंटरवरचा मुलगा साफसफाईचं सांगत होता तेव्हा आमचं विमान हवेत होतं. मी जाऊन त्याला तो ठिपका दाखवला. तो म्हणाला, "सर, आमच्या सिस्टीममध्ये असंच दाखवतंय." त्या पोराचं तरी काय चुकलं म्हणा. पण सिस्टीम कोणाची?

हे अ‍ॅप मोबाईलमध्ये ठेवाच. आपलं विमान आधी कुठून येणार आहे ते त्यात कळतं. ते तिकडूनच सुटलं नसेल तर इकडे गेटवर ताटकळत बसायचं कारण नाही, वर जाऊन जेवा. मी जेवलो नाही, कारण मला कोणीतरी साफसफाई चालू असल्याचं सांगितलं होतं.

आता बसचं. दुपारी 1:50 ला आम्हाला बसमध्ये भरलं. बस निघाली, दोन वळणं घेतली आणि एका रिकाम्या चौकोनासमोर थांबली. विमान नव्हतंच. जमिनीवर रंगवलेला पिवळा पट्टा, एक शिडीची गाडी आणि कोनांच्या दोन ओळी. आम्ही साठ-सत्तर माणसं उभ्याने. दारं बंद, गार हवा आधी चालू, मग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तशी तीही बंद. मागे एक लहान मुलगी आईला विचारत होती, "आपण बसनेच जाणार का आजीकडे?" पहिल्यांदा सगळे हसले. तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कोणी हसलं नाही. पंचवीस मिनिटांनी आमचं विमान टुमटुमत आलं. त्यातले लोक उतरले, तेही दोन तास आत बसून शिजलेले. आम्ही त्यांच्याकडे बघत होतो आणि ते आमच्याकडे. मला उगाच एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकणारे आठवले.

2:40 ला आत, 3:35 ला हवेत. मोपाला 4:40. आणि तिथे काय, तर दारात उभं राहिल्यासारखा एरोब्रिज लागला, सात मिनिटांत मी बाहेर. तेव्हा जेवढी चीड आली तेवढी मुंबईतही आली नव्हती.

हक्काचं थोडं. विमान दोन तास किंवा जास्त लेट झालं तर अशा छोट्या पल्ल्याच्या प्रवासाला कंपनीनं खायला-प्यायला द्यायचं असतं, हा विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. आपणहून कोणी देत नाही, मागा. आम्ही मागितल्यावर एक सँडविच आणि फ्रूटीएवढा ज्यूस मिळाला, तोही तेरा जणांना, बाकीच्यांना माहीतच नव्हतं. सहा तासांच्या पुढे उशीर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. त्याच्या आतल्या उशिराची नुकसानभरपाई विसरा. आणि आत बसवून दार लावल्यावर फारच ताटकळवलं तर प्रवाशांना परत उतरवून टर्मिनलमध्ये आणायची मुभा मार्च 2024 पासून आहे. ती आली जानेवारी 2024 च्या प्रकरणानंतर. गोवा-दिल्ली विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवलं आणि लोक विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. त्यात एरोब्रिजऐवजी लांबचा बे दिला हाही ठपका होता. कंपनीला 1 कोटी 20 लाखांचा दंड झाला.

मोपातून बाहेर पडल्यावर दुसरी ठेच. आतेभावानं कुडाळच्या एका ओळखीच्याची गाडी ठरवली होती, 2,800 रुपयांत. तो एक वाजल्यापासून थांबला होता. तीनला त्याचं दुसरं भाडं होतं, तो गेला. त्याला दोष नाही. गोव्यात ओला-उबर चालत नाही, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि सॅक पाठीला लावून तिथे उभं राहणं वेगळं. बाहेर एका टॅक्सीवाल्यानं मसुऱ्याचे 6,000 सांगितले. का, तर दुसऱ्या राज्यात जायचं, परमिट, आणि परतीचं भाडं तुमच्याच डोक्यावर. घासाघीस करून 5,200. विमानाचं तिकीट 4,100 चं होतं. सरळ सांगायचं तर मी लुटलो गेलो, आणि थकलो होतो म्हणून लुटलो गेलो. तुम्ही असं करा: गाडीवाला बांदा, सावंतवाडी किंवा कुडाळचा ठरवा, त्याला वेळ न सांगता विमानाचा नंबर द्या, आणि थांबायचे तासाचे पैसे आधीच बोलून ठेवा. दीड-दोनशे रुपये तासाला गेले तरी चालतील. एकटे असाल आणि उजेड असेल तर फक्त बांद्यापर्यंत टॅक्सी करा, पुढे एसटी. अंधारात हे करू नका, जत्रेच्या दिवसांत एसटी भरून येते आणि न थांबता जाते.

हायवे चांगला आहे. कसालनंतर जत्रेच्या गाड्यांची रांग लागली, तिथे तासभर गेला. पावणेआठला घरी. आतेभाऊ दारात उभा. म्हणाला, "दुपारचा जेवाण झाकून ठेवलंय." मी काही बोललो नाही.

रात्री देवळाकडे गेलो तर ताटं लावायची वेळ, दर्शन थांबलेलं. आंगण्यांच्या घरच्या बायका मौन पाळून रांधतात आणि प्रसादाची ताटं देवळात नेतात, तेवढा वेळ ओटीची रांग उभीच. दर्शन झालं रात्री दीडला. नारळ देवळाबाहेर साठ रुपयांना घेतला. इतक्या माणसांच्या रांगेत पाच तास उभा होतो, पण तिथे कोणी मला साफसफाई चालू आहे म्हणून सांगितलं नाही. किती वेळ लागेल विचारल्यावर स्वयंसेवक म्हणाला, "पाच तास तरी खयच गेले नाय." आणि पाचच लागले.

पुढचे तीन दिवस आचरा, तोंडवळी, घर. छान गेले.

विमानानं जाणाऱ्यांना शेवटचं. जायचंच असेल तर सकाळचं पहिलं विमान घ्या, पाच-सहाचं. ते बहुतेक वेळा रात्रीपासून तिथेच उभं असतं, त्याला कोणाच्या यायची वाट बघायची नसते. दुपारचं घेऊ नका, तोवर सकाळचे सगळे उशीर साचलेले असतात. त्याच दिवशी लग्न, मुंज, दर्शन असं काही ठेवू नका, आदल्या दिवशी पोचा. सामान पाठीवरच ठेवा, मी ते धरूनच लिहितोय. जिने आणि शिडी जमत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, लांबच्या बेवर ऐनवेळी काही मिळत नाही. ठाणे-पनवेलकडचे असाल तर नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय, तिथून काही मिळतंय का ते आधी बघा. मेच्या सुरुवातीला मुंबईची धावपट्टी पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीसाठी एक दिवस दुपारभर बंद ठेवतात, आंब्याच्या दिवसांत जाणाऱ्यांनी ती तारीख टाळा.

आणि वंदे भारत मिळत असेल तर हे वरचं सगळं विसरा. पहाटे 5:25 ला सीएसएमटीहून सुटते, कणकवलीला थांबते, दुपारच्या जेवणाला खरंच घरी. शुक्रवारी नसते आणि पावसाळी वेळापत्रकात आठवड्यातून तीनच दिवस, एवढं लक्षात ठेवा.

मी परत आलो तुतारी एक्स्प्रेसनं. स्लीपर, बाजूचा वरचा बर्थ. एकेरी मार्ग, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी उभी राहतेच. रात्री कुठल्याशा छोट्या स्टेशनवर तासभर थांबली. खिडकीबाहेर एक दिवा, एक बाक आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. समोरून एक एक्स्प्रेस धडधडत गेली, मग आमची हलली. खालच्या बर्थवरचे आजोबा बायकोला म्हणाले, "गेली एकदाची." मी पांघरूण ओढलं आणि कूस बदलली.