तार तुटली की वाजायला हवं

नववीत असताना आमच्या घरातलं तांब्याचं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, चोरीला गेलं. चोर ज्या मागच्या दाराने शिरला, त्या दाराला मी स्वतः बनवलेला अलार्म होता. तो वाजला नाही. शाळेने मला काय दिलं ते लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

चवथीचे दिवस होते. आम्ही डिचोलीला राहायचो, गणपती मात्र पेडण्याला मूळ घरी. पाच दिवस डिचोलीचं घर बंद. म्हणून जुलैतच मी बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कापून दाराला ठोकल्या होत्या. दार उघडलं की पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि बझर वाजायचा. बसवला त्या दिवशी अख्ख्या वाड्याला ऐकू गेला होता. त्यानंतर दोन महिने गोव्याचा पाऊस.

विज्ञानाच्या सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. पट्ट्या घेऊन ये म्हणाले. प्रयोगशाळेत त्यांनी मल्टिमीटरची टोकं पट्ट्यांना लावली, काटा जागचा हलला नाही. वर तांबूस गंजाचा थर होता आणि त्यातून करंट जात नव्हता.

"पट्टी गंजली हे तुला कधी कळलं?"

"चोरी झाल्यावर, सर."

"मग तुझा अलार्म जुलैनंतर कधीतरी मेला होता. तो मेलाय हे त्यानेच तुला सांगायला नको?"

त्यांनी फळ्यावर जे सर्किट काढलं ते मी आजही डोळे मिटून जोडू शकतो. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, म्हणजे करंटने चालू-बंद होणारा इवलासा स्विच, त्याच्या कलेक्टर या पायाला बझर. पॉझिटिव्हपासून बेसपर्यंत, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू करणाऱ्या पायापर्यंत, करंट अडवून थोडाच सोडणारा १०० किलोओहमचा रेझिस्टर. आणि बेसपासून निगेटिव्हपर्यंत एक बारीक तार, जी सगळ्या दारा-खिडक्यांवरून फिरून परत येते. तार शाबूत आहे तोवर रेझिस्टरमधून येणारा करंट तारेनेच निघून जातो, बेसला काहीच मिळत नाही, ट्रान्झिस्टर बंद. तार तुटली की तोच करंट बेसमध्ये शिरतो आणि बझर ओरडतो. गप्प असताना बॅटरीतून जेमतेम ०.०९ मिलिअँपिअर जातो, त्यामुळे साधी बॅटरीसुद्धा महिनोन् महिने पुरते.

सरांनी जळलेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधली केसासारखी तार प्रयोगशाळेच्या गजांतून ओवली, माझ्या हातात कात्री दिली आणि म्हणाले, "काप." कापली. शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर धावत आली. मग त्यांनी दुसरी तार ओवली आणि कात्री पुढच्या मुलाला दिली. त्या तासाला वर्गातल्या प्रत्येकाने एकेकदा तार कापली. धडा मागे पडला तरी सरांनी घाई केली नाही.

घरी हे सर्किट बसवलं, पण दाराला जुन्याच पट्ट्या घासूनपुसून वापरल्या, आता दार बंद असताना टेकतील अशा. पुढच्या पावसात त्या पुन्हा गंजल्या आणि रात्री दोन वाजता अलार्म वाजला. बाबा वैतागले. मला मात्र बरं वाटलं, कारण या वेळी बिघाड लपून राहिला नव्हता. त्यावरचा उपाय मुंबईहून आला. मामाने लॅमिंग्टन रोडवरून रीड स्विच आणले. काचेच्या इवल्याशा नळीत दोन पात्या बंद केलेल्या असतात; लोहचुंबक जवळ आला की त्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. चुंबक दाराला, नळी चौकटीला. पाती काचेत सीलबंद, तिथे ना दमट हवा पोचते ना खारा वारा. गोव्यात दारावर दुसरं काही लावूच नये, या मताचा मी आजही आहे.

तोच मामा टॅक्सी चालवायचा. त्याच्या फियाटमधून टेप चोरीला गेला, तेव्हा मी अकरावीत होतो. गाडीचं काम उलट सोपं निघालं. दार उघडल्यावर आतला दिवा लावणारं बटण चौकटीतच असतं आणि ते दिव्याची तार बॉडीला, म्हणजे निगेटिव्हला टेकवतं. ५५५ टायमर आयसीला, म्हणजे ठरावीक वेळ मोजणाऱ्या चिपला, नेमकं हेच लागतं: तिच्या २ नंबरच्या पिनेवरचं व्होल्टेज तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या एकतृतीयांशाखाली आलं की ती चालू होते. हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ही आयसी १९७२ पासून बाजारात आहे, आणि माझ्या दुकानातल्या डबीत आजही पाच-पन्नास पडलेल्या असतात. २२० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, दोन्हींच्या गुणाकाराला १.१ ने गुणलं, चोवीस सेकंद हॉर्न. अलार्म बंद करायला मामाच्या हाताला कळेल असा स्विच पुढच्या जाळीमागे. पहिली आयसी मात्र दोन दिवसांत गेली. हॉर्न चालू करणारा रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, सुटताना त्याच्या कॉइलमधून व्होल्टेजचा उलटा झटका येतो, आणि तो झटका जिरवायला मी कॉइलवर उलटा डायोड, म्हणजे एकाच दिशेने करंट सोडणारा भाग, टाकलाच नव्हता. सरांकडे गेलो, तर त्यांनी टेबलाच्या खणातून एक १एन ४००७ डायोड काढून दिला आणि कारण मलाच शोधायला लावलं.

आता फोंड्यात माझं दुकान आहे. गाड्यांचं वायरिंग, घरांचे अलार्म, आणि हल्ली जास्त करून कॅमेरे. कॅमेरे मी मनापासून बसवतो, पण गिऱ्हाईक चवथीला घर बंद करून निघणार असेल तर दारांवरून एक तार फिरवा असा आग्रह धरतो. चोर कसा दिसत होता हे नंतर पाहण्यापेक्षा शेजारी तेव्हाच जागे झालेले बरे.

गेल्या महिन्यात शाळेच्या संगणक कक्षाला हीच तार बसवून आलो. चार खिडक्या, दोन दारं, सहा रीड स्विच. बॅटरी शाळा सुरू होताना जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत बदलावी, म्हणजे काळजी नाही. डाव्या हाताच्या पहिल्या खिडकीवरचा तुकडा मुद्दाम स्क्रूने जोडलाय, पटकन बदलता येतो. आठवीच्या मुलांना तो कापून बघू द्यावा. तारेचं एक पूर्ण रीळ आणि एक कात्री प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे.