नव्या वस्तीत मंडळी उभी करताना: पहिल्या फेरीपासून जाहीर उपासनेपर्यंतची वाट

नव्या वस्तीत राहायला जाऊन मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा स्थानिक समुदाय, सुरू करायची म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिला रविवार उभा राहतो. खुर्च्या, गाणी, प्रवचन. खरे तर तो या वाटेवरचा शेवटून दुसरा मुक्काम आहे. वस्ती पाहायला केलेली पहिली फेरी आणि पहिली जाहीर उपासना यांत साधारण १८ महिने जातात असे धरून चालावे. प्रेषित पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला (बायबल, प्रेषितांची कृत्ये १८:११), आणि तो या कामात मुरलेला होता. मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून टप्पे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने इथे मांडले आहेत. हा क्रम उलटा केला की काय बिघडते, तेही जिथल्या तिथे सांगितले आहे.

सामान हलवण्याआधी

वस्तीत निदान चार फेऱ्या कराव्यात, त्याही वेगवेगळ्या वेळी: कामाच्या दिवशी सकाळी लोक बाहेर पडतात तेव्हा, संध्याकाळी ते परततात तेव्हा, रात्री नऊनंतर, आणि रविवारी ज्या वेळी उपासना घ्यायचे मनात आहे नेमक्या त्या वेळी. चौथी फेरी सर्वांत जास्त शिकवते आणि तीच बहुतेक जण गाळतात. रविवारी सकाळी निम्मी वस्ती कामावर असेल, तर उपासना संध्याकाळी घ्यावी लागेल, आणि मग हॉल, मुलांचे वर्ग, परतीचे वाहन ही सगळी गणिते बदलतात.

फेरी पायीच करावी. सोबत नकाशाची छापील प्रत ठेवावी आणि लोक जिथे थांबतात, रेंगाळतात, वाट पाहतात त्या जागांवर खूण करावी: बसथांबा, शाळेचे फाटक, दवाखाना, मैदान. मोठा रस्ता, नाला किंवा रेल्वेमार्ग यांच्यावर जाड रेघ ओढावी. नकाशावर दोनशे मीटरवर दिसणारे घर अशा रेघेपलीकडे असेल, तर तिथले लोक इकडे सहसा येत नाहीत. १५ मिनिटांत पायी जाता येते तेवढे, म्हणजे साधारण एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ, हीच कामाची वस्ती समजावी. फिलिप्पैत पौलाने आधी सभा भरवली नाही. वेशीबाहेर नदीकाठी प्रार्थनेची जागा असेल असा अंदाज बांधून तो तिथे गेला, जमलेल्या स्त्रियांजवळ बसला, आणि तिथेच लुदिया भेटली (कृत्ये १६:१३-१४).

त्या वर्तुळात आधीपासून असलेल्या प्रत्येक मंडळीत एकदा उपासनेला जावे आणि तिथल्या पाळकांना स्वतःहून भेटावे. आपण कोण, कोणी पाठवले, काय करणार हे त्यांना सांगावे, आणि त्यांचे सभासद ओढणार नाही असा शब्द द्यावा. दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधायचे नाही, ही पौलाची शिस्त होती (रोमकरांस १५:२०). पुढे त्यांच्यातला कोणी आपल्याकडे येऊ लागला, तर त्याला सांगून त्याच आठवड्यात त्यांच्या पाळकांना फोन करावा. आणि या फेऱ्यांत असे दिसले की त्याच भाषेत, त्याच लोकांमध्ये दोन-तीन मंडळ्या चांगले काम करत आहेत, तर नवी मंडळी काढण्याचा विचार सोडून त्यांच्यापैकी एकीच्या हाताला हात लावावा. हे सांगणे कडू वाटेल, पण ते इथेच सांगायला हवे. घर भाड्याने घेतल्यानंतर हा प्रश्न कोणी प्रामाणिकपणे विचारत नाही.

घर आणि करार

घर वर्तुळाच्या मध्याजवळ असावे. वस्तीच्या कडेच्या जरा बऱ्या इमारतीत राहून आत काम करू, हा बेत फसतो. अचानक दार वाजवणारी माणसेच तिथे येत नाहीत. तळमजला किंवा लिफ्ट हवी, नाहीतर म्हातारी माणसे पहिल्या दिवसापासून वगळली जातात. बाहेरची खोली २० चौरस मीटरच्या आसपास असली, तर सामान बाजूला सारून १२ ते १५ जण बसतात.

भाडेकरारातले घराच्या वापराविषयीचे कलम सही करण्याआधी वाचावे. आठवड्यातून किती वेळा, किती माणसे, किती वाजेपर्यंत जमतील हे मालकाला लेखी कळवून संमती घ्यावी. हे लपवले तर शेजारची पहिली तक्रार जाताच घर सोडावे लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपले पुढारी अर्धेच खरे बोलतात हे नव्या गटाला कळते. यजमानाला किंमत मोजावी लागते हेही ध्यानात असावे. थेस्सलनीकात जमाव पौलाला घरी ठेवणाऱ्या यासोनाच्या घरावर चालून गेला आणि त्याच्याकडून जामीन घेतला गेला, तेव्हा पौल आणि त्याचा सोबती सीला तिथे नव्हतेही (कृत्ये १७:५-९). जमण्याच्या परवानगीविषयी, धर्मप्रचाराविषयी आणि संस्थेच्या नोंदणीविषयी त्या ठिकाणचा कायदा काय आहे, हे पहिल्या बैठकीआधी तिथल्या वकिलाला विचारून घ्यावे.

निदान दोन कुटुंबे सोबत असावीत. एकट्या कुटुंबाचा पहिला आजार सगळे काम थांबवतो. मुलांची शाळा बदलणार असेल तर सुट्टीत स्थलांतर करावे, म्हणजे ती वर्गाबरोबरच वर्ष सुरू करतात. आठवड्यातली एक संध्याकाळ घरच्यांची ठेवावी, आणि कोणती ते जोडीदाराने ठरवावे.

पहिले ९० दिवस: एकही सभा नाही

हा टप्पा सर्वांत अवघड, कारण ज्या मंडळीने आपल्याला या कामावर पाठवले तिला अहवालात लिहायला काही मिळत नाही. त्यांना आधीच सांगून ठेवावे की तीन महिने आकडे येणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात जवळच्या दहा दारांवर स्वतः जाऊन ओळख करून घ्यावी. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने चालावे, त्याच दुकानातून घ्यावे. चेहरा ओळखीचा व्हायला हाच मार्ग आहे. वस्तीत आधीपासून चालू असलेल्या एकाच गोष्टीत सामील व्हावे, मग ती पालकसभा असो, वाचनालय असो की रहिवाशांची समिती. तिथे पद घेऊ नये, सतरंज्या उचलाव्यात.

आपण कोण हे पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच सरळ सांगावे: ‘आम्ही ख्रिस्ती आहोत, इथे राहायला आलो आहोत, आणि पुढे इथे मंडळी व्हावी अशी आमची इच्छा आहे.’ एवढ्याने काही दारे बंद होतील, होऊ द्यावीत. सहाव्या महिन्यात हे दुसऱ्याकडून कळले, तर तोवरची सगळी मैत्री गळ टाकल्यासारखी दिसते आणि ती पुन्हा सांधत नाही.

विचारायचे प्रश्न थोडेच ठेवावेत. इथे अडचणीत लोक कोणाकडे जातात? दहा वर्षांत काय बदलले? नवीन राहायला आलेल्यांचे काय खटकते? चाळीस-पन्नास माणसांशी असे बोलून झाले की उत्तरे परत परत तीच येऊ लागतात. तेव्हा समजावे की वस्ती थोडी कळू लागली. नावे, मुलांची नावे आणि प्रार्थनेची विनंती वहीत लिहावी. आजार आणि घरातले वाद मात्र फोनवरच्या गटात कधीही टाकू नयेत. एक संदेश पुढे गेला की विश्वास संपतो.

मदत करावी लागतेच: आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, मुलांचा अभ्यास घेणे, अर्ज भरून देणे. ती बिनशर्त असावी, आणि मदतीच्या वेळी सभेचे निमंत्रण देऊ नये. जो अभ्यासाला येतो त्याच्यावर रविवारी येण्याचे ओझे नको. दुसऱ्याच्या लहान मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय पवित्र शास्त्र शिकवू नये. मुलांच्या मार्गाने घरात शिरणे आम्हांला अन्यायाचे वाटते, कायदा काहीही म्हणो.

घरातला गट

चौथ्या महिन्यात ज्यांनी स्वतःहून काही विचारले आहे अशा चार-सहा जणांना वाचनाला बोलवावे. बायबलमधले मार्काचे शुभवर्तमान यासाठी सोयीचे पडते. अध्याय १६ आहेत, पण चौदावा ७२ वचनांचा आहे, त्याचे दोन-तीन भाग करावे लागतात. एकंदर १८ ते २० आठवडे लागतात. सर्वांच्या हाती एकाच भाषांतराची, एकाच छपाईची प्रत द्यावी आणि उतारा काढताना पुस्तकाचे नाव न सांगता पान क्रमांक सांगावा. नवख्या माणसाला मार्क कुठे आहे हे ठाऊक नसते, आणि शोधताना त्याला होणारी लाज पुढच्या आठवड्याची गैरहजेरी ठरते.

उतारा दोनदा वाचावा. मग तीन प्रश्न: इथे काय घडते? येशूविषयी काय कळते? हे खरे असेल तर माझ्या या आठवड्यात काय बदलेल? वेळ ७५ मिनिटांची, ठरल्या वेळी सुरू आणि ठरल्या वेळी बंद. चालवणाऱ्याने पाव वेळेपेक्षा जास्त बोलू नये. इथे बहुतेक पाळक चुकतात. शांतता पसरली की ते प्रवचन सुरू करतात. मोजून दहा सेकंद थांबावे, कोणी ना कोणी बोलतेच.

दुसरा धोका गोड रूपात येतो. दुसरीकडचे विश्वासणारे उत्साहाने येऊ लागतात, खोली भरते, आणि बोलण्यात ‘अभिषेक’, ‘साक्ष’, ‘ओझे’ असे आतले शब्द वाढतात. नवखे गप्प होतात आणि मग येईनासे होतात. गटात निम्म्याहून जास्त माणसे आधीपासूनची ख्रिस्ती झाली, की त्यांच्याशी स्पष्ट बोलावे: इथे सेवेला येत असाल तर या, बसायला येत असाल तर तुमची मंडळी सोडू नका.

नियमित येणारे १२ झाले की दोन गट करावेत. सहाव्या आठवड्यापासूनच एकाला चालवायला शिकवलेले असावे. वाटणी गल्लीप्रमाणे करावी. मित्र आपल्याकडे आणि नवे दुसरीकडे अशी झाली, तर दुसरा गट दोन महिन्यांत मोडतो.

पैसा

मंडळीचा एक रुपयाही पाळकाच्या वैयक्तिक खात्यात जाऊ नये, ‘खाते उघडेपर्यंत’ म्हणूनसुद्धा नाही. संस्थेचे खाते, दोन सह्या, अर्पण त्याच दिवशी नात्यात नसलेल्या दोघांनी मोजून कागदावर उतरवायचे. यरुशलेमसाठी वर्गणी नेताना पौलाने इतर बंधू सोबत घेतले ते याच काळजीने (२ करिंथकर ८:२०-२१). सहा महिन्यांचा खर्च हाती ठेवूनच निघावे. पाठवणाऱ्या मंडळीची मदत तीन वर्षांत उतरती ठेवावी, उदाहरणार्थ १००, ७०, ४० टक्के. हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. तिसऱ्या वर्षी केलेली कपात शिक्षेसारखी वाटते. नोकरी करत असाल तर आठवड्याला २०-२५ तासांची बरी. अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर पौल तंबू करीत असे, पण पूर्ण वेळेच्या नोकरीत संध्याकाळच्या भेटीगाठी आधी बंद पडतात.

हॉल

दोन-तीन गट आणि २५-३० नियमित माणसे झाल्याशिवाय हॉल घेऊ नये. माणशी एक चौरस मीटर लागतो, हे जुने माप आहे. युफ्राटीसकाठच्या दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकात एका घरातली मधली भिंत पाडून सभेची खोली केली होती. ती साधारण ५ मीटर रुंद आणि १३ मीटर लांब होती, आणि तिच्यात ६५-७५ माणसे मावत असे मानतात. आपल्या ३० माणसांना ४०-५० चौरस मीटर पुरतात. दोनशेंच्या हॉलमध्ये तीच माणसे मागच्या रांगांत विखरून बसतात आणि गाणे उठत नाही.

आधी तीन महिने महिन्यातून एक चाचणी उपासना, मग पंधरवड्याला, मग दर आठवड्याला. मांडणीला चार जणांना एक तास लागतो. सामान ठेवायला तिथेच कुलपाचे कपाट मिळते का, ते करारात घालावे, नाहीतर दोन महिन्यांत पाठीचे दुखणे आणि रुसवेफुगवे सुरू होतात. चाळीसपर्यंत माणसांना माइक लागत नाही. घेतलाच तर स्पीकर माइकच्या पुढे ठेवावेत, मागे ठेवले की शिट्टी वाजते. वायर जमिनीला चिकटपट्टीने पक्की करावी.

मुलांच्या वर्गात नात्यात नसलेली दोन मोठी माणसे, उघडे दार, येता-जाता नोंदवही, आणि ज्याने आणले त्याच्याच हाती परत. दुसरे माणूस आले नाही तर त्या दिवशी वर्ग रद्द. याला अपवाद नाही, पाळकाच्या घरच्यांनाही नाही.

पहिल्या रविवारची गर्दी मोजून हुरळू नये. पाठवणाऱ्या मंडळीचे पाहुणे परत गेले की चौथ्या रविवारी संख्या बहुधा निम्म्यावर येते. १५ मिनिटांच्या वर्तुळातली माणसे किती, एवढाच आकडा ठेवावा. नव्या माणसाला ४८ तासांच्या आत भेटावे किंवा फोन करावा, आणि तो शक्यतो शेजाऱ्याने करावा.

मंडळीच्या वडिलांची, म्हणजे देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांची, नेमणूक घाईने करू नये. नवशिका नको, आणि बाहेरच्यांमध्ये त्याचे नाव चांगले हवे (१ तीमथ्य ३:६-७). तोवर पाठवणाऱ्या मंडळीच्या दोघा वडिलांनी देखरेख करावी. एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या मिशन संस्थांच्या चिटणीसांनी स्वावलंबी, स्वयंशासित आणि स्वतः सुवार्ता पसरवणारी मंडळी असा आग्रह धरला. तो हॉलमध्ये अगदी छोट्या गोष्टींतून उतरतो. शास्त्रवाचन, प्रार्थना, अर्पणाची मोजणी पहिल्या चाचणी उपासनेपासून वस्तीतल्या माणसांकडे द्यावी. हॉलच्या किल्लीचा एक संच तिसऱ्या महिन्यात आणि कपाटाची किल्ली सहाव्या महिन्यात त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी खिशात असावी.