हरलेल्याचा हेवा

ओठ घट्ट मिटलेले, नजर छताकडे, नाकपुड्या मात्र थरथरतायत. समोरच्याने विनोद केलाच नव्हता. तो नुसता गंभीरपणे खुर्चीत बसला होता. तेवढ्यावर याला हसू फुटलं आणि गडी बाद!

न हसण्याचा हा खेळ ‘डॉक्युमेंटल’ या कार्यक्रमाने २०१६ मध्ये जपानमध्ये आणला. दहा विनोदवीर, एक खोली, सहा तास. जगाला हसवणाऱ्यांनाच स्वतःचं हसू आवरत नाही, हे बघायला मला फार आवडतं.

पण आज मनात राहिला तो बाद झाल्यावरचा त्याचा चेहरा. हरला होता, तरी किती मोकळा! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. आत उरलेले मात्र दगडासारखे बसलेले. जिंकायचं तर तेच करावं लागतं, मान्य. पण मला हेवा वाटला तो हरलेल्याचा.

तुम्ही असं पोट धरून शेवटचं कधी हसलात?