तुम्ही विचारलंत म्हणून: वस्तीचा काय दोष?

"एकाच गल्लीत वाढलेला एक भाऊ तुरुंगात जातो, दुसरा मास्तर होतो. मग वस्तीला दोष कसा देता?" गुन्हेगारीचं समाजशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. त्यामागचा न उच्चारलेला प्रश्नही ऐकू येतो: गुन्हेगारांना पाठीशी घालता का? नाही घालत. ज्यानं केलं त्यानं भोगावं.

पण माझं म्हणणं एका भावाबद्दल नसतंच. शॉ आणि मॅके या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर मांडले. 1942 साली त्यावरचं पुस्तक आलं. काही भागांतून एक स्थलांतरित समाज निघून जाई, दुसरा येऊन राही, तरी मुलांच्या गुन्ह्यांचं प्रमाण तिथे चढंच. निघून गेलेल्यांमध्ये मात्र ते उतरे. दोष रक्तात असता तर सामानाबरोबर नव्या घरी गेला नसता का?

हे मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे शिकवलं. एकदा फळ्यावर आमच्याच शहराचा नकाशा काढला आणि खडू आडवा धरून गुन्ह्यांचं प्रमाण चढं असलेले दोन-तीन भाग भरून टाकले. तास संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मागे थांबला. मी डस्टर उचलला तसा म्हणाला, "राहू द्या सर, बघायचंय." जवळ येऊन त्यानं एका भरलेल्या चौकोनावर बोट टेकवलं. "माझं घर इथे. पत्ता सांगितला की नोकरीवाले परत फोन करत नाहीत. रात्री पोलीस आम्हालाच थांबवतात. आता वर्गालाही कळलं." बोटाचा खडू पँटला पुसून तो गेला. पुन्हा माझ्या तासाला बसला नाही.

मी प्रमाणाबद्दल बोलत होतो, त्याच्याबद्दल नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. समूहाच्या आकड्यांवरून माणूस जोखू नये, हे रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञानं 1950 मध्येच दाखवलं होतं. मी ते शिकवतही होतो! शिवाय शॉ-मॅके यांचे आकडे बालन्यायालयाच्या दप्तरातले. जिथे पोलीस जास्त फिरतात, तिथली पोरं त्या दप्तरात जास्त. ही शंका मी तोवर परीक्षेतल्या टिपेपुरतीच ठेवली होती.

पुढे समाजशास्त्रज्ञ सॅम्पसन आणि सहकाऱ्यांचा 1997 चा अभ्यास वाचून हायसं वाटलं. शिकागोच्याच 343 वस्त्या. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा आहे, शाळा बुडवून कोपऱ्यावर उभ्या पोराला कुणीतरी हटकेल अशी खात्री आहे, तिथे हिंसा कमी. गरिबी तेवढीच असली तरी. पण हटकणारा शेजारी टिकायचा तर त्याला भाडं परवडायला हवं, काम संपवून वेळेत घरी यायला हवं. ते वस्तीच्या हातात कुठे असतं?

नकाशा काढणं मी सोडलेलं नाही. सोडला तर तिथल्या शाळा-दवाखान्यांसाठी भांडायला हाताशी काय उरेल? पण खडू आडवा धरला की तो मुलगा समोर उभा राहतो, आणि त्याचं काय चुकलं होतं ते मला अजून सांगता आलेलं नाही.