व्ही-सिक्स दोनसीटर: उजव्या कॅटकॉनचं निदान

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०४२० आला. म्हणजे बँक एकच्या, या गाडीत उजव्या बाजूच्या, कॅटकॉनची (धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची) कार्यक्षमता घसरलीय. पी०४३० नाही, म्हणजे डावी बाजू ठणठणीत. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगच्या चढावर ४००० आरपीएमच्या पुढे गाडी धाप टाकत होती, शंका तिथेच आली. पण नुसत्या कोडवर विसंबून कॅटकॉन मागवू नये, हे माझं ठाम मत. व्ही इंजिनवाल्यांकडे पुरावा आयता असतो. दोन बाजू, दोन कॅटकॉन. चांगली बाजू समोर ठेवायची आणि दुसरी तपासायची.

इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमवर धरलं, कॅटकॉनमागच्या दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे ग्राफ एकत्र लावले. डावीकडची रेघ ०.७ व्होल्टच्या आसपास सरळ. उजवीकडची ०.१ ते ०.८ सारखी वरखाली. आतलं सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं, त्यामुळे धडधाकट कॅटकॉनच्या मागे हा चढउतार पोचतच नाही. इथे तो जसाच्या तसा पोचत होता.

तरी दोन संशयित उरतात. सेन्सरजवळ गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग फसतं. थंड इंजिनवर सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडली, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही. मग मागचे सेन्सर डावे-उजवे बदलले. नाचणारी रेघ उजवीकडेच राहिली, म्हणजे सेन्सरही संशयातून सुटला.

आता बॅकप्रेशर, म्हणजे धुराची वाट अडली की मागे साचणारा दाब. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात गेज बसवला. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत राहायला हवं. डावीकडे जेमतेम १, उजवीकडे ५ च्या वर. सायलेन्सरचं वेल्डिंग करणाऱ्या आप्पांनी खालून रबरी हातोडीने एकदाच ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "मझार समदं फुटेल शे, भाऊ." म्हणजे आत सगळं फुटलंय. त्याच भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला तर कॅटकॉनच्या आतल्या जाळीचा एक कोपरा वितळून काचेसारखा चकचकीत, भोकं पार बुजलेली, आणि शेजारी सुटलेला तुकडा आडवा अडकलेला.

जाळीचं सिरॅमिक १४०० अंशांच्या पुढे टिकत नाही, पण तिथवर ते तापलं कशाने, हा खरा प्रश्न. स्कॅनरच्या मोड सिक्समध्ये (गाडीने स्वतःच केलेल्या चाचण्यांच्या आकड्यांत) तीन नंबर सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे पेट्रोल न पेटल्याचे प्रसंग, मोजलेले सापडले. त्याची ठिणगी देणारी कॉइल पाच नंबरवर टाकली, मिसफायर तिच्यामागे पाचवर गेले. न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटत होतं. ही कॉइल तशीच ठेवून नवा कॅटकॉन बसवला असता तर तोही जळला असता.

कॉइल बदललीय, मिसफायरचा आकडा शून्यावर आहे. कॅटकॉन काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी तो टाकणार नाही. तो धूर शेवटी गावालाच गिळावा लागतो. जुना मात्र भंगारात किलोवर देऊ नका, आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असतं.

नवा मागवलाय. फ्लँजचे (पाइपच्या जोडाचे) नट स्टडवर गंजून बसलेत, त्यांवर रोज ऑइल मारतोय. कुणी असे स्टड न तोडता काढले असतील तर आधी गरम केले की नाही, तेवढं सांगा.